ग्वाल्हेरच्या लश्कर भागातली 121 मतं

भोपाळ, रविवार

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

परवा फोन मीच आधी ठेवला. बाबा, तुम्ही ‘पेपरात छापून आलंय’ म्हणालात आणि माझा तोल गेला. परत फोन केला असता तर पुन्हा तेच झालं असतं, म्हणून लिहिते आहे. आई, तू मोठ्याने वाचून दाखव. त्यांचा चष्मा सापडणार नाही, मला ठाऊक आहे.

बाबा, तुमचं ठरलेलं वाक्य: ‘इथलं सगळं शिंद्यांच्या जयविलास राजवाड्यात ठरतं.’ आजोबाही तेच म्हणायचे, पण त्यांच्याकडे 1967 साल होतं. राजमाता विजयाराजे शिंद्यांच्या पाठबळावर काँग्रेसचे 36 आमदार फुटले, द्वारकाप्रसाद मिश्रांचं सरकार पडलं. मार्च 2020 मध्ये त्यांच्या नातवाबरोबर, ज्योतिरादित्यांबरोबर, 22 आमदार काँग्रेस सोडून गेले आणि मुख्यमंत्री कमलनाथ घरी बसले, तेव्हा तुम्ही फोन करून ‘बघ!’ एवढंच म्हणालात. बघितलं. पण कमलनाथ मुळात आले कसे, हे तुम्ही विसरता. त्यात तर तुम्ही स्वतः होतात.

30 एप्रिल 2016 ला जबलपूरच्या उच्च न्यायालयाने बढतीतल्या आरक्षणाचे 2002 चे नियम रद्द केले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि बढत्या अडकल्या, तुमचीही. एकीकडे अजाक्स, ही अनुसूचित जाती-जमातींच्या कर्मचाऱ्यांची संघटना; दुसरीकडे बढतीतल्या आरक्षणाला विरोध करणारी तुमची सपाक्स. दोन्हीकडे एकाच कचेरीत शेजारी बसणारी माणसं. जूनमध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री शिवराजसिंह अजाक्सच्या मेळाव्यात बोलून गेले की कोणी ‘माई का लाल’ आरक्षण संपवू शकत नाही. ते तीन शब्द पेपरवाल्यांनी आणि चॅनेलवाल्यांनी इतके घोळवले, की 2018 येईतो ते तुमच्या टोपीवर होते. ती टोपी आईने माळ्यावर टाकलीय.

मार्च 2018 च्या अखेरीस निवृत्तीचं वय 60 चं 62 झालं. तुम्ही म्हणालात, सरकारला अनुभवाची कदर आहे. अहो, बढती देता येत नाही, त्यात निवडणूक तोंडावर; चिडलेला कर्मचारी तशाच रागात घरी कोण पाठवेल? मला विचाराल तर तुमच्या त्या दोन वर्षांच्या पगारात सपाक्सइतकाच अजाक्सचाही हात आहे.

मग 2 एप्रिलचा दलित संघटनांचा बंद. ग्वाल्हेर, भिंड, मुरैन्यात माणसं मेली. ज्या काकांच्या डब्यातली भाजी तुम्ही वीस वर्षं खाल्लीत, त्यांच्याशी त्या दिवसापासून तुमचं बोलणं बंद. परवा मी चिडले ती खरं तर यावर. पेपर नुसता निमित्त झाला.

आता पेपरचंच सांगते. इथल्या एका जाहिरात एजन्सीत मी दोन वर्षं हिशेब लिहिले. निवडणुकीच्या महिन्यात तिथे ‘पॅकेज’ हा शब्द चहासारखा चालायचा. सभेचा फोटो, ‘जनसैलाब’वाला मथळा, सगळं बातमीच्या टायपात, खाली ‘विज्ञापन’ कुठेच नाही. एरवी पहिलं पान भरून सरकारी जाहिरात येते, आणि तिचं बिल निघेपर्यंत आतली पानं जरा गोडच बोलतात. शेजारच्या दतियाचं तुम्हाला माहीत आहेच. 2008 च्या निवडणुकीतल्या पेड न्यूजवरून निवडणूक आयोगाने तिथले भाजपचे आमदार नरोत्तम मिश्रांना अपात्र ठरवलं जून 2017 मध्ये! मधे ते पुन्हा निवडून येऊन मंत्रीही झाले होते. पुढे दिल्ली उच्च न्यायालयाने तो निर्णयच रद्द केला. कोण खरं, कोण खोटं ते राहू दे, पण या वेगाने वाचकाला काय कळणार?

2018 च्या नोव्हेंबरातल्या निवडणुकीत ग्वाल्हेर-चंबळच्या 34 जागांपैकी 26 काँग्रेसला गेल्या, भाजपला 7. सपाक्सने स्वतःचा पक्ष काढला, त्याला एकही मिळाली नाही. पण 230 च्या विधानसभेत काँग्रेस 114 आणि भाजप 109 असा निकाल लागला, तिथे तुमच्यासारख्या रुसलेल्यांनी काय केलं असेल ते तुम्हीच मोजा. आपल्या लश्करात, म्हणजे ग्वाल्हेर दक्षिण मतदारसंघात, भाजपचा माणूस 121 मतांनी पडला. एकशे एकवीस! आपल्या गल्लीतल्या गणपतीच्या आरतीला त्याहून जास्त माणसं असतात.

आणि आई, इथे थांबू नकोस, वाच. त्या वेळी तू ‘नोटा’ दाबलं होतंस, मला स्वयंपाकघरात हळूच सांगितलंस. आपल्याकडे ‘नोटा’ची मतं 121 च्या कितीतरी वर गेली होती. बाबांना अजून वाटतं, तू त्यांना विचारून मत देतेस.

दिवाळीला धनत्रयोदशीच्या गाडीने येते. चकल्या जरा जास्त कर, एक डबा काकांकडे न्यायचाय. बाबा, तुम्ही बरोबर यायचंय. बाहेर स्कूटरवर बसून राहिलात तरी चालेल.

तुमची,
मनू