मिरजेच्या सिस्टरांना एका आईचा सलाम

प्रिय सिस्टर,

सप्रेम सलाम.

हे पत्र तुमच्या हातात दिलं असतं तर "त्यात काय एवढं" म्हणून तुम्ही घडी करून बायबलात ठेवून दिलं असतं. म्हणून चारचौघांत लिहिते आहे. नाव मात्र घालत नाही, ते तुम्हाला आवडणार नाही.

जानेवारी २०२३ मध्ये, आमच्या तासगावकडं द्राक्षांची गडबड सुरू असताना, माझी लेक जन्मली. वरचा ओठ नाकापर्यंत दुभंगलेला, आत टाळूलाही फट. मी तिला धड पाहायच्या आतच कुणीतरी तिच्या तोंडावर दुपटं ओढलं. दवाखान्यात तिला झाकूनच आमच्या हवाली केलं. दूध कसं पाजायचं, पुढं काय करायचं, कुणी एक शब्द सांगितला नाही. पेढ्यांचा विषय कुणी काढला नाही.

चार दिवसांत गावानं कारण शोधून काढलं. २५ ऑक्टोबर २०२२ ला, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, सूर्यग्रहण होतं. सूर्य ग्रहणातच मावळला. त्या संध्याकाळी मी विळीवर भेंडी चिरत बसले होते आणि शेजारच्या काकूंनी ते पाहिलं होतं. "गिराणात चिरलंस, पोरीचा ओठ चिरला." एवढं एक वाक्य आमच्या गल्लीतून फिरून परत माझ्याच उंबऱ्यावर आलं.

आम्ही ख्रिस्ती. घरात पंचांग नाही, मुहूर्त बघत नाही. तरी सासूबाईंनी ते खरं मानलं. मग आमच्या चर्चच्या मंडळीतले एक वडील, म्हणजे पुढारी, प्रार्थनेला आले. ग्रहण वगैरे आपण मानायचं नसतं, असं त्यांनी सासूबाईंना सांगितलं. मला हायसं वाटलं. आणि मग डोळे मिटता मिटता म्हणाले, "तुम्हा दोघांपैकी कुणाचं पाप असेल ते देवापुढं कबूल करा." सिस्टर, काकूंचं बोलणं लागलं होतं, पण हे आत कुठंतरी मोडून गेलं. जिथं जाऊन रडायचं, तिथूनच बोट रोखलं गेलं. शेजारच्या साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी अंधश्रद्धेविरुद्ध आयुष्य घातलं, २०१३ साली त्यांचा खून झाला. तेव्हा आमच्यातलेच लोक म्हणायचे, हे दुसऱ्यांचे प्रश्न, आपल्यात असलं काही नाही. आहे. आपल्यातही आहे, फक्त आपण त्याला प्रार्थनेचे कपडे घालतो.

तुम्ही आलात तेव्हा लेक अकरा दिवसांची होती. अंगावर ओढताच येत नव्हतं, वाटी-चमच्यानं पाजलेलं अर्धं दूध नाकातून बाहेर. वजन उतरत होतं. तुम्ही एसटीतून उतरून चालत आलात, चहा नको म्हणालात, चटईवर बसलात आणि हात पुढं केलेत. "आण इकडं. आधी राणीचं तोंड तर बघू दे." दुपटं तुम्हीच बाजूला केलंत. पिशवीतून दूध पाजायचं चोचीचं बोंडलं काढलंत, तिला उभं धरलंत आणि थेंबाथेंबानं पाजू लागलात.

दूध नाकातून आलंच. आमच्या घरात त्यासाठी एक वेगळं फडकं होतं. ते मोरीजवळच्या खिळ्याला अडकवलेलं असायचं, इतर कपड्यांत मिसळायचं नाही, आणि पुसणारा नंतर साबणानं हात धुवायचा. मीसुद्धा धुवायचे. हे लिहिताना आजही हात थरथरतो. मी ते फडकं आणायला उठले, तोवर तुम्ही तुमच्या फिकट निळ्या साडीचा पदर घेतलात आणि तिचं नाक, ओठ, हनुवटी हळूच टिपून काढलीत. मी म्हटलं, "सिस्टर, पदर खराब होईल." तुम्ही मान वर न करता म्हणालात, "असू दे गं, लेकराचं दूध आहे." आणि परत तोच पदर. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी ते पाहिलं. संध्याकाळी त्यांनीच ते फडकं चुलीत घातलं, मी सांगितलं नव्हतं.

तिचं पोट भरल्यावर तुम्ही योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय काढलात. जन्मांध माणूस पाहून शिष्य विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? तुम्ही म्हणालात, "बघ, आपल्या मंडळीतल्या वडिलांनी विचारलं तेच. आणि येशूनं दोन्ही नाकारलं. मग काय केलं? थुंकीनं चिखल कालवला आणि त्याच्या डोळ्यांना लावला." हा अध्याय मी लहानपणापासून ऐकत आले होते, पण चिखलानं माखलेला तो हात मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसला.

मग बोटांवर महिने मोजून दाखवलेत. ओठ जुळतो तो गर्भ दोन महिन्यांचा व्हायच्या आत, टाळू त्यानंतर थोड्याच आठवड्यांत. म्हणजे मृगाचा पाऊस पडायच्या आधीच ओठाचं जे व्हायचं ते झालेलं होतं, ग्रहण लागलं तेव्हा मला सातवा महिना होता. भेंडीचा संबंधच नव्हता. कधी घराण्यातून येतं, कधी कारण डॉक्टरांनाही सापडत नाही, पण विळीतून येत नाही.

माझे सासरे पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेले. उसण भरलेली माणसं त्यांचा पाय लावून घ्यायला अजून येतात, आणि वळवाचं आभाळ कडाडलं की त्यांना घराबाहेर पडू देत नाहीत, वीज ओढली जाते म्हणून. एका घरात एकाचा जन्म गुणाचा आणि दुसरीचा लाजेचा, दोन्ही सारखेच निराधार. तुम्ही त्यांना बायबलातल्या पेरेस आणि जेरह या जुळ्यांची गोष्ट सांगितलीत. हात आधी बाहेर आला म्हणून सुईणीनं लाल धागा बांधला तो जेरहच्या हाताला, जन्मला आधी पेरेस, आणि येशूची वंशावळ पुढं चालली ती त्याच्यातून. सासरे खूप वेळ गप्प बसले होते.

चौथ्या महिन्यात ओठाचं ऑपरेशन झालं, टाळूचं वर्षानंतर. त्या धावपळीबद्दल लिहीत नाही, तुम्ही बरोबर होता. पण चांगली माणसं म्हणजे काय, हे मी तुमच्याकडून शिकले. ती पुष्कळ बोलत नाहीत. जिथं बाकीचे हात मागं घेतात तिथं त्यांचा हात आपोआप पुढं जातो, आणि तो पुढं गेल्याचं त्यांच्या लक्षातही नसतं.

बोंडलं परत द्यायला आले तर तुम्ही घेतलं नाही, "लागेल कुणाला तरी" म्हणालात. मागच्या महिन्यात लागलं. पलूसकडची एक मुलगी, बाळ नऊ दिवसांचं, तोंडावर दुपटं. मी एसटीनं गेले. चहा नको म्हटलं.

लेकीचा 'प' अजून थोडा नाकातून येतो. पुढच्या रविवारी उपासनेनंतर तिला घेऊन येते. 'पदर' म्हणायला शिकवते आहे.

तुमची,
तासगावकडची पोरगी