पतंगवाल्या काकांना, येवल्याहून

काका, नमस्कार.

दुकानात आभाराचा विषय काढला की तुम्ही चहा सांगता आणि बोलणं दुसरीकडे नेता. म्हणून हे पत्र असं चारचौघांत लिहितोय. रागवू नका.

डिसेंबरात मी तुमच्या ओट्यावर एक वही घेऊन आलो होतो. आदल्या संक्रांतीपासून माझ्या चित्रकलेच्या क्लासमधल्या पोरांनी आणि मी उचललेल्या, पतंगाच्या मांजाने कापलेल्या पक्ष्यांची वही. 17 नोंदी. कबुतरं, पोपट, दोन ढोकऱ्या, एक शराटी, एक घार. शेवटची नोंद पिंगळ्याची, तीही मार्चमधली. सण होऊन दोन महिने झाले होते आणि तो चिंचेवर उलटा लटकत होता. नायलॉनचा मांजा कुजत नाही, झाडावर तसाच ताणलेला राहतो.

‘कुठे कापलं’ या रकान्यात बहुतेक ठिकाणी एकच उत्तर होतं: पंखाचा खांदा आणि मनगट यांच्या मधली कातडी. पंख उघडला की ही कातडी शिडासारखी ताणली जाते. ती फाटली की हाड शाबूत असूनही पक्षी वर जात नाही. आणि इतकी पातळ, की टाके घालताना डॉक्टरांच्याही नाकी नऊ येतात.

त्याआधी आम्ही पोस्टरं केली होती. लालभडक रक्त, मोठाली अक्षरं. हरित लवादाने जुलै 2017 मध्ये नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली, तेही खाली लिहिलं होतं. लोक बघायचे आणि पुढे जायचे. ‘आले सणाला नाट लावायला,’ हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. तुम्ही त्यातलं एक पोस्टर उलटसुलट करून पाहिलंत आणि म्हणालात, “रक्त कशाला काढता? कागदच कापा ना.”

मला तेव्हा कळलं नव्हतं. कळलं ते तुम्ही घार करायला घेतलीत तेव्हा. तपकिरी ताव, त्यावर काळ्या कागदाच्या पट्ट्या, शेपटीला मधोमध खाच. कामट्या तासून झाल्या, खळ वाळली. मग वहीतली ओळ मला पुन्हा वाचायला लावलीत, बोटाने मोजलंत आणि डाव्या पंखावर नेमक्या जागी कात्री चालवलीत. कण्णी बांधून पतंग पोरांच्या हातात दिलात: “उडवा.”

घार दोन पुरुष उंच गेली, डावीकडे कलली, गरगर फिरली आणि गटाराच्या कडेला आपटली. पोरं हसली. पुन्हा उडवली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा कोणी हसलं नाही. येवल्यातल्या पोराला एका अंगाने फाटलेला पतंग काय करतो हे वेगळं सांगावं लागत नाही. माझी पोस्टरं नेमकी इथेच चुकत होती.

असे 17 पतंग केलेत. कामट्यांचेसुद्धा पैसे घेतले नाहीत. भोगीच्या सकाळी ते या गच्चीपासून त्या गच्चीपर्यंत साध्या सुती दोऱ्यावर गल्लीभर टांगले. खाली हलकडी वाजतेय, आणि वर फाटक्या पंखांचे पोपट, ढोकऱ्या. “काका, यंदा माल खराब निघाला का?” असं जो विचारेल त्याच्या हातात तुम्ही एक पतंग द्यायचात, “बघ उडवून.” तो आपटला की मग वही. ऐन धंद्याच्या दिवशी गल्ल्यावर पुतण्याला बसवून तुम्ही दिवसभर हेच करत होतात.

आणि ते वाक्य! एकाने टोमणा मारला, तर तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, “दोन वर्षांमागे माझ्याही मागच्या फळीवर नायलॉन होता.” गल्ली गप्प झाली. माझ्यासारख्या मास्तराने हजार वेळा सांगून ते झालं नसतं. सुती मांजा बरा ना, असं मीच मध्ये बोललो तर मलाही सोडलं नाहीत: “काच लावली की सुतीही कापतोच. फक्त तुटतो लवकर, कुजतो लवकर.”

संक्रांतीला साडेपाचला तुम्ही आसारी, म्हणजे आपली दोऱ्याची फिरकी, गुंडाळून ठेवलीत. बगळ्यांची परतायची वेळ. शेजारच्या गच्चीवरच्या दोघांनीही पतंग उतरवले, बाकीच्यांनी नाही. याच आसारीवर आपले विणकर रेशीम गुंडाळतात आणि पैठणीच्या पदरावर मोर, काठावर मुनिया काढतात, हे मला त्या संध्याकाळी उगाचच आठवत राहिलं.

यंदाच्या वहीत आतापर्यंत 11 नोंदी आहेत. कमी आहेत, पण त्या आपल्या पतंगांमुळे की संक्रांतीच्या दुपारी वाराच पडला होता म्हणून, कोण जाणे. एक मात्र घडलं. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, करीच्या रात्री, कोणीतरी माझ्या क्लासच्या दारात नायलॉनची भरलेली चक्री ठेवून गेलं. नाव नाही, चिठ्ठी नाही. वजन केलं तर पाव किलोच्या वर भरली. ती तुमच्याकडे आणतो, काय करायचं ते तुम्हीच सांगा.

तुमची कात्रीही माझ्याकडेच राहिली आहे. रविवारी देतो. येताना तुमचा लांब बांबू न्यायचा आहे, चिंचेवर अजून बराच मांजा दिसतोय.

तुमचा,
चित्रकलेचा मास्तर