पोलीस अधीक्षकांना खुले पत्र : मायनिंगवाल्याला आधी मीटर विचारा

मा. पोलीस अधीक्षक, कोल्हापूर जिल्हा यांस,

स. न. वि. वि.

‘ओटीपी देऊ नका’ हे आता शाळकरी पोरांनाही पाठ आहे. सायबर जागृतीच्या पत्रकात क्रिप्टो मायनिंगवरही, म्हणजे यंत्रे चालवून बिटकॉइनसारखी डिजिटल नाणी मिळवण्यावरही, चार ओळी घालाव्यात, एवढीच विनंती. ‘मायनिंगमध्ये पैसे गुंतवा, दरमहा ठरावीक टक्के मिळवा’ ही फसवणूक साध्या गुणाकाराने उघडी पडते.

बिटकॉइनमधले ‘प्रूफ ऑफ वर्क’ म्हणजे वीज जाळून केलेल्या कामाचा पुरावा. व्यवहारांच्या प्रत्येक ब्लॉकला, म्हणजे गठ्ठ्याला, 80 बाइटचे हेडर (मथळा) असते. त्यातला ‘नॉन्स’ नावाचा आकडा बदलत राहायचा, दर वेळी हेडरवर एसएचए-256 हे गणिती सूत्र दोनदा चालवायचे (असा एक प्रयत्न म्हणजे एक हॅश) आणि उत्तर ठरलेल्या मर्यादेखाली आले का ते बघायचे. आडवाट नाही. सापडलेले उत्तर तपासायला मात्र एकच फेरी पुरते. नॉन्सला 32 बिट, म्हणजे सुमारे 429 कोटी पर्याय. 110 टेराहॅशचे, म्हणजे सेकंदाला 110 लाख कोटी हॅश करणारे यंत्र ते सेकंदाच्या पंचवीस हजाराव्या भागात संपवते. मग ब्लॉकमधल्या पहिल्या व्यवहारात किंचित फेरफार करून पुन्हा पहिल्यापासून.

असे यंत्र 3,250 वॉटच्या आसपास घेते. दिवसाला 78 युनिट. युनिट 8 रुपये धरले तर महिन्याला 18,720 रुपये, शिवाय खोलीत दोन हीटर रात्रंदिवस चालू असल्यासारखी धग. आता ‘मोबाइलवर मायनिंग’ घ्या. फोनला सढळ हाताने सेकंदाला 5 कोटी हॅश दिले, तरी एका यंत्राच्या बरोबरीला 22 लाख फोन लागतील!

म्हणून महाद्वार रोडवर असो की गडहिंग्लजला, गुंतवणूक मागणाऱ्याला आधी विचारावे : यंत्र कुठे आहे, वीजबिल कोणाच्या नावावर येते? मग मायनिंग पूलची, म्हणजे अनेकांची यंत्रे जोडून कमाई वाटून घेणाऱ्या गटाची, नुसती बघता येणारी लिंक मागावी. तिथे यंत्रागणिक हॅशरेट, म्हणजे सेकंदाला होणारे हॅश, दिसतो. स्क्रीनशॉट चालवून घेऊ नये. नाणे इथेरियम सांगितले तर बोलणे तिथेच थांबवावे, कारण तिथले मायनिंग 15 सप्टेंबर 2022 रोजी बंद झाले.

‘दरमहा ठरावीक टक्के’ तर कोणी देऊच शकत नाही. उत्तर शोधण्याची काठिण्यपातळी दर 2,016 ब्लॉकनंतर, साधारण दोन आठवड्यांनी बदलते. एप्रिल 2024 मध्ये मायनिंग करणाऱ्याला एका ब्लॉकमागे मिळणारे नवे बिटकॉइन 6.25 वरून 3.125 झाले, कमाई निम्मी, बिल तेवढेच.

पत्रकाचा मसुदा आम्ही विनामूल्य करून देऊ. ‘क्रिप्टोपासून सावध’ एवढेच छापून सोडू नये. 78 युनिटांचा हिशोब त्यात राहू द्यावा.

आपले,
संगणक क्षेत्रात काम करणारे काही कोल्हापूरकर