स्क्रीन रीडर काही ‘बघत’ नाही हो

संपादक महोदय,

कालचा टेक्नॉलॉजीच्या पानावरचा स्क्रीन रीडरवरचा लेख वाचला, म्हणजे त्याच रीडरकडून ऐकला (फोनवर काय आहे ते आम्हा अंधांना बोलून सांगणारं सॉफ्टवेअर, म्हणजे स्क्रीन रीडर). रात्रीच पत्र लिहायला घेतलं होतं पण मुलगी म्हणाली बाबा आत्ता नको, सकाळी लिहा, डोकं शांत असेल. सकाळ झाली. डोकं तसंच आहे.

लेखकमहाशयांनी कष्ट घेतले असतील, नाही म्हणत नाही. पण स्क्रीनवर जे दिसतं ते स्क्रीन रीडर बघतो आणि अंधांना वाचून दाखवतो, हे कुठून आणलं त्यांनी? आणि वर हे सगळं नवीन असल्यासारखं लिहिलंय! आयफोनवरचा रीडर व्हॉइसओव्हर २००९ साली आला, अँड्रॉइडवरचा टॉकबॅकही तेव्हापासूनचा. मी वापरून वापरून म्हातारा व्हायला आलो, तुमच्याकडे बातमी काल पोचली.

असो. मुद्दा असा की रीडर चित्र बघत नाही. ॲपच्या पोटात एक यादी असते, त्यात प्रत्येक गोष्टीचं नाव, तिचा प्रकार (बटन, हेडिंग, चेकबॉक्स वगैरे) आणि तिची अवस्था लिहिलेली असते, लिहिलेली असेल तर. रीडर ती यादी बोलतो. सगळं नीट भरलेलं असलं की टॉकबॅक म्हणतो ‘चालू, वायफाय, स्विच’, एका दमात सगळं कळतं. नाव भरलंच नसेल तर म्हणतो ‘अनलेबल्ड, बटन’. तुम्हाला तिथे कचऱ्याचा डबा दिसतो, आम्हाला नुसतं बटन, आता दाबा आणि बघा काय होतंय ते. काही उत्साही लोक उलट करतात, नावातच बटन असं लिहून ठेवतात, मग रीडर दिवसभर ‘सेंड बटन, बटन’ करत बसतो. पण ते परवडलं.

आता माझंच सांगतो. ऑफिसच्या कामासाठी एक ॲप वापरावं लागतं, नाव घेत नाही. त्यात चॅट उघडलं की वरच्या पट्टीत ओळीने बटणं, सगळी अनलेबल्ड. टॉकबॅकमध्ये आपलं आपण लेबल लावायची सोय आहे हे मला माहितीये, कृपया कोणी कळवू नये. बटणाला आतून आयडी दिलेला नसेल तर तो पर्यायच येत नाही, आणि इथे तो येत नव्हता. म्हणून मी पाठ करून टाकलं होतं, ‘मागे’पासून उजवीकडे तीन स्वाइप (एका स्वाइपला रीडर एक बटन पुढे जातो), मग डबल टॅप, म्हणजे ते बटन दाबणं, की फोन लागतो. वर्षभर सुरळीत चाललं.

मग एके रात्री अपडेट आलं. मला काय कल्पना, मी आपला दहाच्या सुमाराला साहेबांना फोन लावायला गेलो, तीन स्वाइप, डबल टॅप. लागला. मी अंघोळ करून बाहेर आलेलो, अंगात शर्ट नाही, फोन छातीशी धरून हिशोबाबद्दल बोलतोय. साहेब नुसते हं हं करतायत. थोड्या वेळाने अगदी हळू आवाजात म्हणाले, अहो तुमचा कॅमेरा चालू आहे. मधे कोणीतरी व्हिडिओचं नवीन बटन घुसवलं होतं आणि तिसरं आता ते झालं होतं! घाईघाईने कॅमेरा बंद करायला गेलो तर त्या स्क्रीनवरही अनलेबल्ड, अनलेबल्ड, अनलेबल्ड. पहिलं दाबलं तर माइक बंद झाला, आणि तो झाला हेही मला कळलं नाही कारण बटणाची अवस्थाही कोणी भरलेली नाही, म्हणजे आता साहेब मला बघतायत आणि मी जे काही माफी वगैरे मागतोय ते त्यांना ऐकूच जात नाहीये. शेवटी फोन उशीखाली घातला. साहेब सज्जन माणूस, आजतागायत विषय काढला नाही, पण मी फोन केला की उचलायला जरा वेळ लावतात असं मला उगाच वाटतं.

कंपनीला कळवलं. उत्तर आलं, आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. मोलाचा! अहो अँड्रॉइडमध्ये कंटेंट डिस्क्रिप्शन, आयफोनमध्ये ॲक्सेसिबिलिटी लेबल, बटणामागे एक ओळ लिहायची असते. वेबसाइटसाठी जे जागतिक नियम आहेत त्यात नाव, प्रकार आणि अवस्था कळलीच पाहिजे हे २००८ पासून लिहिलंय, तेही ए लेव्हलला, म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीला.

लेखात ‘आता एआय सगळं ओळखेल’ असंही आहे. अगदीच खोटं नाही, आयफोनमध्ये २०२० पासून चित्रावरून बटन ओळखायची सोय आहे, अँड्रॉइडवरही आयकॉन ओळखतात, मी वापरतो, कधीकधी वाचलोही आहे. पण तो अंदाज असतो हो. साहेबांना फोन लावताना मला अंदाज नकोय.

जाता जाता एक. लेखाबरोबर फोटो आहे असं कळलं, कारण तुमच्या ॲपमध्ये रीडर तिथे नुसतं ‘इमेज’ म्हणाला. अंधांवरच्या लेखातल्या फोटोला दोन शब्दांचं वर्णन नाही! मुलीला विचारलं तर म्हणे काळा गॉगल लावलेला माणूस फोन कानाला लावून हसतोय. बरं. आणि त्याच पानावर अर्ध्यात जी जाहिरात येते तिची फुली ओळखा बघू काय बोलते, ‘अनलेबल्ड, बटन’. दोनदा दाबायला गेलो, दोन्ही वेळा जाहिरातच उघडली, लेखाचा शेवट मी मुलीकडून वाचून घेतला.

पत्र छापणार असाल तर मजकूर म्हणूनच टाका. मागच्या महिन्यात तुम्ही वाचकांची पत्रं फोटो काढून टाकली होती, म्हणजे मला माझंच पत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागेल.

आपला,
एक नियमित वाचक