रोजच्या गर्दीत चालेल असं सांगून विकलेल्या जुन्या स्पोर्ट्‌स कारबद्दल तक्रार

दिनांक : १८ ऑगस्ट २०२५

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार निवारण विभाग
(प्रत : गोवा शाखा)

विषय : जुन्या स्पोर्ट्‌स कारचा गिअरबॉक्स नादुरुस्त असणं, किलोमीटरची नोंद खोटी असणं आणि विक्रीच्या वेळी ही माहिती दडवणं. गाडी परत घेऊन पूर्ण रक्कम मिळण्याबाबत.

महोदय,

गेल्या मार्च महिन्यात तुमच्या गोवा शाखेतून मी २०१७ सालची, दोन दारांची, टर्बो पेट्रोल इंजिनाची एक जर्मन स्पोर्ट्‌स कार घेतली. २१ लाख ५० हजार रुपये मोजले, त्यातले निम्म्याहून जास्त बँकेच्या कर्जाचे. आज ती गाडी वर्कशॉपमध्ये पडून आहे आणि हप्ता मात्र दर महिन्याला न चुकता कापला जातो. तुमच्या कॉल सेंटरला फोन केला की दर वेळी नवीन माणूस उचलतो, सगळी हकिकत पहिल्यापासून ऐकतो आणि ‘संबंधित विभागाला कळवतो’ म्हणून ठेवून देतो. शेवटी शाखा व्यवस्थापकांनी मला उत्तर दिलं : “मॅडम, स्पोर्ट्‌स कार आहे, ट्रॅफिकमध्ये अशीच चालणार.” त्या एका वाक्यामुळे हे पत्र लिहिते आहे, कारण विकताना तुम्ही नेमकं याच्या उलट सांगितलं होतं.

मी म्हापशाला राहते आणि वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करते. जाताना साधारण ३५ किलोमीटर, येताना तेवढेच. गिरी, पर्वरी, मांडवीचा पूल, मेरशी, बांबोळी, आगशी, झुआरीचा नवा पूल, कुठ्ठाळी, वेर्णा. हा रस्ता ज्यांच्या रोजच्या पायाखालचा आहे त्यांना सांगायला नको. झुआरीवर नवा पूल झाल्यापासून कुठ्ठाळीची कोंडी पुष्कळ सुटली, पण पर्वरीत उड्डाणपुलाचं काम चालू असल्यामुळे तिथे वाहनांची रांग पहिल्या गिअरमध्येच सरकते. कदंब महामंडळाच्या बस, टिप्पर, भाड्याच्या दुचाक्या, सगळे एकाच अरुंद पट्ट्यात. दिवसातला इतका वेळ गाडीत जाणार असेल तर ती गाडी मनापासून आवडणारी असावी, एवढाच माझा विचार होता. मी एकटीच जाते. मागची सीट मला लागत नाही, सामान म्हणजे लॅपटॉपची बॅग आणि जेवणाचा डबा. लहानपणापासून मला अशीच गाडी हवी होती आणि ती स्वतःच्या कमाईतून घेतली याचा मला अभिमान आहे.

हे सगळं मी तुमच्या विक्री प्रतिनिधीला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. कुठून कुठे जाते, किती वेळ रांगेत उभी असते, सगळं. व्हॉट्सअ‍ॅपवर सरळ विचारलंही होतं, ‘पर्वरीच्या ट्रॅफिकमध्ये रोज न्यायची आहे, गिअरबॉक्सला त्रास होणार नाही ना?’ त्यावर आलेलं उत्तर असं : ‘ऑटोमॅटिक आहे मॅडम, बिनधास्त न्या. रोजच्या वापरासाठीच आहे. गिअरबॉक्सचं तेल बदलायलासुद्धा अजून खूप अवकाश आहे.’ या संदेशाची छापील प्रत सोबत जोडली आहे.

आता ‘ऑटोमॅटिक’ या शब्दाआड काय होतं ते. साध्या ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये तेलाने चालणारा टॉर्क कन्व्हर्टर असतो, त्यामुळे मुंगीच्या पावलांनी सरकताना घासण्यासारखं फारसं काही नसतं. या गाडीत ड्युअल क्लच आहे. दोन क्लच, एक विषम गिअरसाठी आणि दुसरा सम गिअरसाठी. मोकळ्या रस्त्यावर गिअर डोळ्यांचं पातं लवायच्या आत बदलतो, तोच या गाडीचा आनंद. पण रांगेत सरकताना पहिल्या गिअरचा क्लच अर्धवट पकडलेल्या अवस्थेत घासत राहतो आणि तापतो. ती उष्णता वाहून नेणं हे तेलाचं काम. म्हणून या प्रकारच्या तेलातल्या क्लचच्या गिअरबॉक्सचं तेल आणि फिल्टर साधारण ६०,००० किलोमीटरला बदलायचे असतात, आणि रोज गर्दीत चालणाऱ्या गाडीसाठी ही गोष्ट टाळण्यासारखी नसते. तुमच्या तज्ज्ञांना हे माहीत नव्हतं असं मी मानायला तयार नाही.

टेस्ट ड्राइव्ह तुम्ही रविवारी सकाळी सात वाजता दिली. ‘तेव्हा रस्ता मोकळा असतो, गाडीचा खरा अंदाज येतो,’ असं सांगून. मांडवीवरच्या अटल सेतूवरून पलीकडे आणि परत. गाडी अर्थातच सुरेख चालली. मी संध्याकाळच्या वेळी आणखी एकदा चालवायला मागितली, तर ‘दुसरा ग्राहक टोकन द्यायला बसलाय’ असं सांगण्यात आलं. थंड गिअरबॉक्समध्ये हा दोष दिसत नाही, तेल तापल्यावरच दिसतो. माझ्या रोजच्या वेळेला, रोजच्या रस्त्यावर अर्धा तास गाडी दिली असती तर तो मला तिथेच दिसला असता.

तो दिसला एप्रिलमध्ये, उन्हाचा कडाका वाढल्यावर. संध्याकाळी घरी परतताना मांडवीचा पूल ओलांडला की मालीमपासून पर्वरीच्या पठारापर्यंत चढ लागतो. चढ आणि त्यावर बंपरला बंपर लागलेली रांग, म्हणजे या क्लचची खरी परीक्षा. ब्रेकवरचा पाय उचलला की गाडी आधी जागच्या जागी थरथरायची, मग एकदम हिसका देऊन पुढे जायची. पहिल्यावरून दुसऱ्या गिअरवर जाताना पाठीला धक्का बसायचा. मे महिन्यात एके दिवशी याच चढावर डॅशबोर्डवर गिअरबॉक्स तापल्याची सूचना आली, अ‍ॅक्सिलरेटर दाबला तर नुसतं इंजिन ओरडलं आणि गाडी मागे घरंगळायला लागली. मागे शाळेची मिनीबस होती. मी हँडब्रेक लावला, धोक्याचे दिवे लावले आणि बाहेर येऊन त्या चालकाला हातानेच थांबायची खूण केली. काही झालं असतं तर काय, हा विचार अजूनही मनातून जात नाही. तुमच्या माणसांनी ‘अशीच चालणार’ म्हणताना हा चढ डोळ्यांसमोर आणावा.

त्यानंतर मी गाडी कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये नेली. तिथल्या मेकॅनिकने गिअरबॉक्सचं तेल एका पांढऱ्या ट्रेमध्ये काढून मला दाखवलं. काळंकुट्ट, जळकट वासाचं, आणि बोटांच्या चिमटीत घासलं तर कातडीवर चंदेरी चकाकी राहत होती. ती क्लचच्या आणि धातूच्या झिजेची भुकटी. संगणकावर दोन्ही क्लचचं मोजमाप ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलेलं दिसलं. दुरुस्तीचं अंदाजपत्रक ३ लाख ४० हजार रुपयांचं आहे. त्याच मेकॅनिकने मला हेही सांगितलं की वेळच्या वेळी तेल बदललेली आणि नीट राखलेली हीच गाडी गर्दीत रोज चालवता येते, अशी गिऱ्हाइकं त्यांच्याकडे आहेत. म्हणजे ‘स्पोर्ट्‌स कार अशीच असते’ हे उत्तर त्या गाडीवरही अन्याय करणारं आहे.

आणि इथेच मूळ गोष्ट उघड झाली. तुम्ही गाडी विकली तेव्हा मीटरवर ४०,८०० किलोमीटर होते आणि तुमच्या तपासणी अहवालातही तोच आकडा छापलेला आहे. वर्कशॉपने गाडीचा चासी नंबर टाकून जुनी सर्व्हिसिंग काढली, तर नोव्हेंबर २०२२ मध्ये बेंगळुरूला झालेल्या सर्व्हिसिंगची शेवटची नोंद निघाली : ५८,३०० किलोमीटर. त्यानंतर गाडी किती चालली हे आता कोणालाच सांगता येणार नाही. गिअरबॉक्सचं तेल बदलल्याची नोंद कुठेच नाही. ४०,८०० च्या हिशोबाने तेल बदलायला ‘अवकाश’ होता. खऱ्या हिशोबाने २०२२ मध्येच ६०,००० चा टप्पा जवळ आला होता, म्हणजे तेल विक्रीच्या आधीच बदलायला हवं होतं, आणि बेंगळुरूसारख्या शहराच्या गर्दीत हे क्लच आधीच झिजून गेले होते.

मीटर तुम्ही मागे फिरवला असं मी म्हणत नाही, तसा पुरावा माझ्याकडे नाही. पण जी नोंद चासी नंबरावरून काही मिनिटांत निघते, ती तुमच्या तपासणीत निघाली नाही हे कसं? अहवालात ‘ट्रान्समिशन’ या शब्दापुढे हिरवी खूण आहे. ती खूण कोणी केली, गाडी चालवून केली की उभ्या गाडीकडे पाहून, याचं लेखी उत्तर मला हवं आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. तिच्यानुसार जुन्या गाड्यांच्या अधिकृत विक्रेत्याने आपल्या ताब्यातल्या गाडीच्या प्रत्येक फेरीची इलेक्ट्रॉनिक नोंदवही ठेवायची असते : फेरी कशासाठी, चालक कोण, वेळ काय, किलोमीटर किती. या गाडीची ती नोंदवही आणि गाडी तुमच्याकडे आली त्या दिवसाची मीटरची नोंद, दोन्हींच्या प्रती मला द्याव्यात.

वॉरंटीबद्दल तुमचं म्हणणं असं की क्लच हा ‘झिजणारा भाग’ असल्यामुळे तो वॉरंटीत बसत नाही. ही अट असलेला कागद मला पूर्ण पैसे भरल्यानंतर ई-मेलने आला. शोरूममध्ये दिलेल्या माहितीपत्रकात ‘इंजिन आणि गिअरबॉक्सची एक वर्षाची वॉरंटी’ एवढंच मोठ्या अक्षरांत आहे. या गाडीत क्लच गिअरबॉक्सच्या आत, त्याच तेलात बसवलेले असतात. गिअरबॉक्स वॉरंटीत आणि त्याच्या पोटातला क्लच बाहेर, हे कोणत्या हिशोबाने?

गैरसमज नको म्हणून हेही लिहिते. गाडी जमिनीपासून कमी उंचीवर आहे, काही गतिरोधकांवर ती तिरकी काढावी लागते, चोडणला मावशीकडे जाताना फेरीबोटीच्या उतारावर पुढचा बंपर सांभाळावा लागतो, टायर महाग आहेत, पेट्रोल जास्त लागतं. यातल्या एकाही गोष्टीबद्दल माझी तक्रार नाही. ते सगळं मला डोळ्यांनी दिसत होतं आणि ते पत्करूनच मी ही गाडी घेतली. माझी तक्रार तुम्हाला ठाऊक असलेल्या किंवा ठाऊक असायलाच हव्या होत्या अशा, पण मला न दाखवलेल्या गोष्टींबद्दल आहे.

कागदपत्रांचंही तसंच. कर्नाटकातलं ना-हरकत प्रमाणपत्र, गोव्यातला रस्ता कर आणि माझ्या नावावर नोंदणी, हे सगळं करून द्यायचे पैसे तुम्ही घेतले. ना-हरकत प्रमाणपत्र आलं, त्यापुढे काहीही हललेलं नाही. नोंदणी पुस्तिकेवर अजून जुन्या मालकाचंच नाव आहे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(११) नुसार ग्राहकापासून जाणूनबुजून माहिती दडवणं ही सेवेतली त्रुटी आहे आणि कलम २(४७) नुसार वस्तूच्या दर्जाबद्दल खोटं सांगणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. तुमच्या करारनाम्यात तक्रार फक्त तुमच्या मुख्यालयाच्या शहरातच करता येईल असं छापलं आहे. पण कलम ३४ नुसार ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागू शकतो. मोजलेली किंमत ५० लाखांच्या आत असल्यामुळे माझं प्रकरण उत्तर गोवा जिल्हा आयोगापुढे येतं.

माझी मागणी अशी. गाडी परत घ्यावी आणि २१ लाख ५० हजार रुपये, त्यावर आजपर्यंत भरलेलं कर्जाचं व्याज, विमा आणि नोंदणीसाठी घेतलेली रक्कम परत करावी. हे कोणत्याही कारणाने शक्य नसेल तर दोन्ही क्लच आणि तेल बदलण्याचा पूर्ण खर्च अधिकृत वर्कशॉपला थेट द्यावा, गाडीचे खरे किलोमीटर लेखी मान्य करून त्यानुसार किंमतीतला फरक परत करावा आणि दुरुस्ती होईपर्यंत मला कामावर जायला दुसरी गाडी द्यावी. माझा कल पहिल्या मागणीकडे आहे, कारण जिचे किलोमीटरच खरे नाहीत त्या गाडीच्या बाकीच्या भागांवर विश्वास ठेवणं मला जमणार नाही. निम्मा खर्च तुमचा, निम्मा माझा, ही फोनवर दिलेली तडजोड मला मान्य नाही.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर यावं. न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवून मी आयोगाकडे अर्ज करणार आहे. पावती, तपासणी अहवाल, व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश, वर्कशॉपचा अहवाल, अंदाजपत्रक आणि २०२२ च्या सर्व्हिसिंगच्या नोंदीची प्रत सोबत आहे. काढलेलं तेल वर्कशॉपने माझ्या सांगण्यावरून बाटलीत सीलबंद करून ठेवलं आहे. तुम्हाला पाहणी करायची असेल तर तुमचा माणूस जरूर पाठवा, मात्र दोन दिवस आधी कळवा. गाडी माझ्यासमोरच उघडली जाईल.

कळावे,

आपली ग्राहक
म्हापसा, बार्देश, गोवा