मंत्रीसाहेब, पेशंटला शिकवू द्या, नुसतं दाखवायला बसवू नका

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री यांस,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या खात्याचं नवीन परिपत्रक काल वाचलं. साहेब, तुम्ही भाषणात शब्द दिला होता की यापुढे पेशंट नुसते तपासून घ्यायला नसतील, ते विद्यार्थ्यांना शिकवतील, अभ्यासक्रम ठरवणाऱ्या कमिटीतही बसतील. तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत मी पण होते. आता कमिटीची यादी बघितली तर डीन आहेत, अधिकारी आहेत, प्रोफेसर आहेत, सिम्युलेटर म्हणजे सरावाच्या रबरी बाहुल्या विकणाऱ्या कंपनीचा माणूससुद्धा आहे. पेशंट एकही नाही. आणि खाली एक ओळ: रुग्ण सहभाग ऐच्छिक, मानधन लागू नाही. वा!

मला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे, म्हणजे सांधे सुजून वाकडे होणारा संधिवात, वर्षानुवर्षं. बोटं वाकडी झालीत, त्यामुळे प्रॅक्टिकल परीक्षा जवळ आली की मला फोन येतो, कारण मी म्हणे "चांगली केस" आहे. सकाळपासून स्टुलावर बसायचं, एकामागून एक मुलं येतात, नाव न विचारता हात उचलतात, सांधे दाबतात. मी कळवळले की परीक्षक म्हणतात, "टेंडरनेस प्रेझेंट", म्हणजे दाबल्यावर दुखतंय. मग माझ्यासमोरच माझ्या हातांवर चर्चा, आणि मी खोलीतच नाही अशी. नळ फिरवता येतो का, साडीची पिन कोण लावून देतं, रात्री कूस बदलताना काय होतं, आजवर एकाही परीक्षकाने विचारायला लावलं नाही, कारण त्याला मार्क नाहीत. संध्याकाळी घरी येते तेव्हा मनगट सुजलेलं असतं, दुसरा दिवस अंथरुणात जातो, तो कुणाच्या हिशेबात धरायचा?

मी काय शिकवू शकते ते ऐका. सांधा किती दाबायचा? स्वतःच्या नखाचं टोक पांढरं पडेल एवढाच, त्याहून जास्त नको. पुस्तकात असतंही हे, पण किती दाबलं की दुखतं हे दुखणाराच सांगणार, आणि रबरी बाहुली "बाळा, हळू" म्हणत नाही. सकाळचा सांध्यांचा ताठरपणा घ्या. हा आजार ठरवायच्या 1987 च्या निकषांत तो कमीत कमी एक तास टिकायला हवा असं होतं, आणि 2010 च्या नव्या निकषांतून तर तो काढूनच टाकला. वर्गीकरणासाठी काढला असेल, मला त्यातलं कळत नाही, पण माझ्या सकाळमधून तो कुणी काढला नाही ना! ते विद्यार्थ्याला कोण सांगणार, कंपनीचा माणूस?

मी काही जगावेगळं मागत नाहीये. डॉक्टरांना शिकवणारे नामवंत डॉक्टर विल्यम ऑस्लर यांनी 1903 मध्येच सांगितलं होतं की समोर पेशंट नसेल तर शिकवू नका, आणि सगळ्यात चांगलं शिक्षण पेशंट स्वतःच देतो. 1963 मध्ये हॉवर्ड बॅरोज या न्यूरॉलॉजिस्टने, म्हणजे मेंदू-मज्जातंतूंच्या डॉक्टरने, निरोगी बाईला ट्रेनिंग देऊन पेशंटचं काम करायला लावलं, तिथून सिम्युलेटेड पेशंटची पद्धत सुरू झाली, चांगलीच आहे ती, पण नाटक करणारीला शेवटी घरी जाऊन नळ फिरवता येतो. अमेरिकेत 1990 च्या दशकात तर माझ्याच आजाराच्या लोकांना ट्रेनिंग देऊन सांधे तपासायला शिकवणारे शिक्षक केलं. माझ्यासारख्यांनाच! आपल्याकडे मात्र मानधन लागू नाही.

आणि ऐकण्याचं बघा. 1984 मध्ये अमेरिकेत मोजलं होतं, डॉक्टर सरासरी 18 सेकंदांत पेशंटला मध्येच तोडतात, आपलं म्हणणं पूर्ण करता आलेले पेशंट 23 टक्के. 2018 मध्ये परत मोजलं तर 11 सेकंद. म्हणजे मशिनं वाढली, इमारती वाढल्या आणि ऐकणं कमी झालं, हीच प्रगती असेल तर अभिनंदन. या वेगाने गेलो तर पुढच्या पिढीतला डॉक्टर मी दारातून आत यायच्या आधीच गोळी लिहील.

खरं सांगू का, हा प्रश्न एकट्या तुमच्या परिपत्रकाचा नाहीच. आपली सगळी व्यवस्थाच अशी आहे की ज्याच्यासाठी योजना काढायची त्याला सोडून बाकी सगळ्यांना मीटिंगला बोलवायचं. शाळेचं धोरण पोरांना न विचारता, रस्ता चालणाऱ्याला न विचारता, आणि दवाखान्याचं धोरण ज्यांनी गेल्या कित्येक वर्षांत लाइनमध्ये उभं राहून केसपेपर काढला नाही त्यांच्या हातात. पेशंट फक्त उद्घाटनाला लागतो, फोटोपुरता, तोही व्हीलचेअरवर असेल तर उत्तम!

कमिटीत दोन पेशंट घ्या, वेगवेगळ्या आजारांचे. आम्हाला आधी ट्रेनिंग द्या, शिकवायचे पैसे द्या, मुलांच्या मार्कांत आमचं मत धरा. आणि हात लावायच्या आधी विचारलं नाही तर मार्क कापा, हे एवढं तर उद्यापासून होईल, त्याला बजेट लागत नाही. तोवर पुढच्या परीक्षेला मी येणार नाही, ओळखीतल्या बाकी "चांगल्या केसेस"नासुद्धा तेच सांगतेय.

उत्तर द्यायचं असेल तर फॉर्म भरून पाठवा म्हणू नका, पेन धरवत नाही. हे पत्रसुद्धा फोनला बोलून टाइप केलंय, त्यामुळे व्याकरणाच्या चुका फोनच्या, बाकी सगळं माझं.

तुमची,
एक पेशंट