वेळेवर माहिती पुरवणाऱ्यांचे आभार
९ मार्च २०२० रोजी पुण्यात राज्यातील पहिल्या कोरोनाबाधितांचे निदान झाले आणि त्यानंतर सूचना इतक्या झपाट्याने बदलू लागल्या की विलगीकरण कक्षातील आम्हा परिचारिकांना नेमके कोणते परिपत्रक लागू आहे हेच कळेना. रुग्णालयाच्या ग्रंथालयातील व संसर्ग नियंत्रण विभागातील ज्या मंडळींनी रात्री जागून ती वाचली, कालबाह्य पत्रके फलकावरून काढली आणि चालू सूचना तारखेसह एकाच पानावर लावल्या, त्यांचे मनःपूर्वक आभार. पीपीई किट उतरवताना मास्क शेवटी काढायचा आणि प्रत्येक टप्प्यावर हात निर्जंतुक करायचे, हा क्रम त्यांनी ठळक मराठीत दारावर लावला. तो सफाईच्या मावशींनाही वाचता येत असे, आणि मला हेच सर्वांत मोलाचे वाटते. ८ मे रोजी रुग्णांना घरी सोडण्याचे निकष बदलले, तेव्हाही नातेवाइकांना काय सांगायचे हे आम्हाला ठाऊक होते.